दोन बोटं सनस्क्रीन

सनस्क्रीन किती लावायचं याचं उत्तर ठरलेलं आहे: दोन बोटं. तर्जनी आणि मधलं बोट, बुडापासून टोकापर्यंत, दोन्हींवर एकेक सलग रेघ. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं, वजनात साधारण सव्वा ग्रॅम. वाचताना काहीच वाटत नाही. तेवढं मलम प्रत्यक्ष बोटांवर काढून आरशासमोर उभं राहिलं की मात्र शंका येते, की ही रक्कम चेहऱ्यासाठी आहे की बाल्कनीच्या भिंतीसाठी.

म्हणून बहुतेक लोक काय करतात? कपाळावर एक ठिपका, गालांवर दोन, नाकावर एक, हनुवटीवर एक. हळदीकुंकवाला आल्यासारखे पाच ठिपके, आणि मग ते विरेपर्यंत चोळायचं. मानेला उरलंसुरलं. कानांना तर काहीच नाही, कान जणू शेजाऱ्यांचे. पण ट्यूबवर छापलेला एसपीएफचा, म्हणजे ऊन अडवण्याच्या ताकदीचा, आकडा येतो प्रयोगशाळेतून, आणि तिथे दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात. त्याच्या निम्मं लावलं की संरक्षण निम्मं किंवा त्याहून कमी होतं. ३० एसपीएफचं सनस्क्रीन पुरेसं लावलं तर सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण, अडवतं आणि ५० वालं ९८ टक्के. म्हणजे मेडिकलच्या काउंटरवर पन्नास की सत्तर यावर पंधरा मिनिटं खल करणारी आणि घरी येऊन पाच ठिपके लावणारी व्यक्ती चुकीच्या आकड्यासाठी भांडतेय. भांडायचं असेल तर मापावर भांडावं.

मापामागे हिशेब येतोच. ५० ग्रॅमची ट्यूब, दर खेपेला सव्वा ग्रॅम, म्हणजे चाळीस खेपा. ट्यूब पाचशेची धरली तर एका खेपेला साडेबारा रुपये. दिवसातून दोनदा लावायचं म्हटलं तर पंचवीस. म्हणजे रोज एक वडापाव तोंडाला फासायचा. हा हिशेब घरात मोठ्याने करू नये. सासूबाई ऐकतात आणि मग चण्याच्या पिठाचा विषय निघतो.

पीठ चेहरा धुवायला वापरायचं तर वापरा, तक्रार नाही. त्याने ऊन मात्र अडत नाही. लिंबाचं तर नावच नको. लिंबाचा रस त्वचेवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. लिंबू वरणभातावर पिळावं.

आता सकाळचा प्रसंग. सनस्क्रीन कोरड्या त्वचेवर लावायचं असतं. मुंबईत मे ते ऑक्टोबर आंघोळ करून बाहेर आलेला माणूस कोरडा होतच नाही. आंघोळीचं पाणी पुसून होईतो घामाचं सुरू झालेलं असतं. त्यात पंखा हॉलमध्ये, आरसा बाथरूममध्ये, आणि बाथरूमच्या दाराबाहेर कुणीतरी टॉवेल घेऊन उभं. अशा वेळी आधी सीरम, मग मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन अशी तीन मजली इमारत घाईघाईने उभी केली की ती कोसळते. चोळता चोळता गालावरून पांढऱ्या वळ्या निघायला लागतात, दिवाळीत उटणं लावून मळ काढावा तशा. कारण साधं आहे: खालचा थर बसलेला नसतो, वरून घासलं की दोन्हीतले घट्ट घटक एकत्र येऊन त्यांच्या गोळ्या होतात. उपाय दोन. एक, दोन थरांमध्ये पाचेक मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात पंख्याखाली उभं राहून डबा भरून होतो. दोन, चोळू नका, तळव्याने थापा. थालीपीठ थापतात तसं, फक्त हलक्या हाताने. माझं विचाराल तर तेलकट त्वचेच्या माणसाने पावसाळ्यात मॉइश्चरायझरला सरळ सुट्टी द्यावी. सनस्क्रीनमध्येच तेवढा ओलावा असतो. मात्र दिवसभर एसीच्या झोताखाली बसणाऱ्यांनी ही सुट्टी घेऊ नये. त्यांची त्वचा ऑफिसात वाळवंटात असते आणि प्रवासात कोकणात.

झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन असेल तर पुढचा अंक लेडीज डब्यात होतो. झिंक ऑक्साइड ही मुळात पांढरी पूड, कॅलामाइन लोशनमध्येही तीच. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर तिची राखाडी झाक येते, आणि घाम आला की ती पूड घामाबरोबर कानशिलावरून खाली निघते. अंधेरी गेलं की समोरच्या सीटवरून हमखास आवाज येतो, "ताई, कानामागे पीठ राहिलंय." बोलणारीचा हेतू चांगला असतो आणि आवाज डबाभर पोहोचेल असा. मग तिसऱ्या सीटवरची रुमाल पुढे करते, आणि साडेबारा रुपये रुमालाला पुसले जातात. याला तोडगा आहे. रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्यावं. त्यातली आयर्न ऑक्साइड चेहऱ्याच्या रंगात मिसळतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारा प्रकाशही थोपवतात. गालांवर वांग असणाऱ्यांना याचा विशेष उपयोग, कारण वांग त्या प्रकाशानेही गडद होतं. छटा ओढणीला लागते, हे खरं. पांढरी ओढणी घ्यायची की वांग घालवायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

गाडीत ऊन कुठल्या बाजूने येतं, याचंही एक शास्त्र आहे. विरारहून चर्चगेटकडे सकाळी गाडी दक्षिणेला जाते आणि सूर्य पूर्वेला. तोंड गाडीच्या दिशेने असेल तर ऊन डाव्या हाताला. संध्याकाळी गाडी उत्तरेला, सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डाव्याच हाताला. वाऱ्याच्या विंडो सीटसाठी धडपडणाऱ्याचा डावा गाल दोन्ही वेळा शेकतो. चौथ्या सीटवर अर्धं बसलेल्याला ऊनही नाही आणि वाराही नाही. एसी लोकलची काच बंद म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. साधी काच यूव्हीबी बरंचसं अडवते. पण यूव्हीए, म्हणजे सुरकुत्या आणि डागांना हातभार लावणारा भाग, तिच्यातून आत येतोच. म्हणून ट्यूबवर एसपीएफच्या शेजारी पीए आणि त्यापुढे अधिकची तीन-चार चिन्हं आहेत का, ते बघावं. एसपीएफ यूव्हीबीचा हिशेब सांगतो, पीए यूव्हीएचा.

पण एवढी सगळी सकाळची लढाई लढून झाल्यावर सांगायची गोष्ट अशी, की आपण चुकीच्या वेळी लढतोय.

सकाळी आठला सूर्य खाली असतो. त्याच्या किरणांना हवेचा जाड थर तिरका कापून यावं लागतं आणि यूव्हीबीचा मोठा भाग वाटेतच गळतो. तेव्हा जे लागतं तो बहुतांश उकाडा. खरं ऊन ओळखायला ॲप लागत नाही, आपली सावली पुरते. सावली आपल्या उंचीपेक्षा बुटकी झाली की सावध व्हायचं. मे महिन्यात मुंबईत ती साधारण साडेनऊ ते पावणेचार बुटकी असते, डिसेंबरात जेमतेम दोन तास. १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तर ती पायाखाली गायबच होते, शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. जुलैतला ढगांमुळे कुणाला दिसत नाही. ढगांतून यूव्ही मात्र बऱ्यापैकी झिरपतं, त्यामुळे 'आज ऊनच नाही' हे वाक्य छत्रीपुरतं खरं.

आणि सूर्य माथ्यावर कधी येतो? बाराला नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेलं, मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. म्हणून इथे तो साडेबाराच्या पुढेमागे माथ्यावर असतो. नेमकं तेव्हा अख्खं ऑफिस 'जरा पाय मोकळे करून येऊ' म्हणत खाली उतरतं. साडेसातला लावलेलं सनस्क्रीन तोवर कुठे असतं? थोडं दादरच्या जिन्यावर घामाबरोबर गेलं, थोडं रुमालात, थोडं मोबाइलच्या काचेवर. म्हणजे माणूस दिवसातल्या सर्वांत कडक उन्हात संपूर्ण उघड्या तोंडाने, पण सकाळी लावल्याच्या समाधानात उभा.

तेव्हा दोन बोटं लावायची खरी जागा म्हणजे ऑफिसचं बेसिन, वेळ पाऊण. दर दोन तासांनी लावा असं ट्यूबवर लिहिलेलं असतं, ते उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी अक्षरशः खरं: डिलिव्हरीवाले, वाहतूक पोलीस, शिवाजी पार्कवर दुपारी मॅच खेळणारी मुलं. खिडकीपासून लांब, ट्यूबलाइटखाली बसणाऱ्याने बाहेर पडण्यापूर्वी लावलं तरी निभावतं. सकाळचं सोडायचं नाहीच, साडेनऊला स्टेशनपासून चालत जायचं असतं. पण एक खेप बुडणारच असेल तर दुपारची बुडवू नये.

बेसिनपाशी कृती अशी. आधी टिश्यूने किंवा सुती रुमालाने घाम टिपायचा. पुसायचा नाही, टिपायचा. पुसलं की सकाळचा उरलेला थरही निघतो. मग दोन बोटं, पण एका दमात नाही. आधी एक बोट थापायचं, मिनिटभर थांबायचं, मग दुसरं, म्हणजे वळ्या निघत नाहीत. भुवयांच्या वर बोटभर कपाळावर कमी लावावं, नाहीतर घामाबरोबर ते डोळ्यांत उतरतं आणि तिसऱ्या मजल्यावर बातमी जाते की वॉशरूममध्ये कुणीतरी रडतंय. डोळ्यांभोवती झिंकवाली कांडी बरी, ती कमी झोंबते. मान, कान, आणि पुरुषांनी टक्कल. टक्कलाला तिसरं बोट लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे सगळं डबा खाण्याआधी. मटकीच्या उसळीचा हात कितीही धुतला तरी हळदीची बोटं तोंडाला फिरवू नयेत. डब्याचा विषय निघालाच आहे तर एवढंच सांगते: उसळीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी जास्त लागतं, आणि डबा संपता संपता आलेला कटिंग चहा ते पुन्हा अडवतो. चहा तासाभराने घ्यावा. मोड आलेली मटकी वाफवून घ्यावी, विशेषतः दमट दिवसांत. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही आवडते. फडक्याला आंबूस वास आला की ते मोड फेकायचे, 'फोडणीत जाईल वास' असं म्हणायचं नाही.

कोवळ्या उन्हाचा वाद घरोघरी आहे. "एवढं थापून बसलीस तर ड जीवनसत्त्व कुठून मिळणार?" प्रश्न रास्त आहे, त्यातलं 'कोवळं' मात्र चुकीचं. ड जीवनसत्त्व यूव्हीबीपासून बनतं, आणि ते कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतंच. सातच्या उन्हात गॅलरीत बसल्याने मन प्रसन्न होतं, पेपर वाचून होतो, समोरच्या बिल्डिंगमधल्या भानगडी कळतात. ड जीवनसत्त्वाचं काम होत नाही. त्यासाठी हातपाय थोडा वेळ चढत्या उन्हात उघडे ठेवावेत आणि कमतरता वाटली तर रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं. चेहरा त्यात गुंतवायची गरज नाही.

राहिली कॉलर. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर धुतल्यानंतर गंजासारखे तांबूस डाग दिसले, तर धोबी निर्दोष आहे. काही सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन असतं. पाण्यातल्या लोहाशी त्याची गाठ पडली की असा डाग धरतो. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत हे जास्त. आपण काय करतो, घाबरून ब्लीच ओततो, आणि डाग पक्का होतो. गंजाला आंबट लागतं: लिंबाचा रस आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवायचं, मग साबणाने धुवायचं. मघाशी हाकललेलं लिंबू इथे कामाला येतं.

रात्री हे सगळं उतरवावं लागतं. घामाला टिकणारं सनस्क्रीन नुसत्या पाण्याला दाद देत नाही. साध्या फेसवॉशने मिनिटभर, केसांच्या कडेपर्यंत, आणि कानामागे. त्या पिठाची सकाळची जागा लक्षात असेलच. त्यानंतर चेहऱ्याला खोबरेल चोपडू नये; मुरुमांकडे झुकणाऱ्या त्वचेवर ते रंध्रं बुजवतं. केसांना खुशाल लावा, पण उशीच्या अभ्र्यावर टॉवेल टाका, नाहीतर तेच तेल रात्रभरात कपाळावर येतं.

ट्यूब पर्समध्ये राहू द्यावी, पण उन्हात तापणाऱ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत नको. उष्णतेने आतलं मिश्रण फाटतं आणि पाणी वेगळं निघतं. तसं झालं तर हलवून लावण्यात अर्थ नाही, ती गेली. आणि ट्यूब संपली असं वाटलं की टाकायची नाही. टूथपेस्टवर फिरवतो तसं आधी लाटणं फिरवायचं. मग कात्रीने मधोमध कापायची. आत भिंतींना चिकटलेलं निघतं ते साधारण चार बोटं भरतं. दोन उद्या सकाळची, दोन पाऊणची.