गोरा येशू हीसुद्धा कल्पनाच

येशूला सावळा दाखवणे म्हणजे इतिहासाची मोडतोड होय, हे एका लेखातील विधान मला अजिबात पटले नाही. येशू जन्मला पॅलेस्टाईनमधील ज्यू कुटुंबात, आणि त्याच्या वर्णाबद्दल शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील त्याच्या चरित्रांत, एक अक्षरही नाही. तेव्हा सोनेरी केस आणि निळे डोळे हीच मुळात युरोपीय चित्रकारांनी आपल्या माणसांकडे पाहून घातलेली भर आहे. वसईला माझ्या मावशीच्या शेजारी अशीच एक तसबीर होती, खाली लाल दिव्याची छोटी बत्ती, आणि लहानपणी मला खरोखर वाटे की देव परदेशात राहतो. ज्याचा देव त्याच्यासारखा दिसत नाही, त्या मुलाच्या मनात काय रुजते, याचा विचार लेखकाने करायला हवा होता.

आपल्याकडे देवाला आपल्यासारखा दाखवण्याचे काम चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी फार पूर्वीच केले. १९०२ साली गोव्यात जन्मलेले आणि शांतिनिकेतनात शिकलेले फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले, आणि त्यांनी रंगवलेली मरिया, म्हणजे येशूची आई, गव्हाळ वर्णाची, डोक्यावरून साडीचा पदर घेतलेली आहे. गोव्यात त्यांच्या वाट्याला मात्र विरोधच आला.

सांताक्लॉजचेही तेच. ज्या संत निकोलसवरून तो आला, ते चौथ्या शतकातील मायराचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बिशप होते. तरीही २०१३ साली अमेरिकेतील एका वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने सांता गोराच आहे, असे ठामपणे सांगितले, याचे मला आजही वाईट वाटते.