सुडोच्या यादीत नाव

लग्नाच्या पंगतीत डॉक्टरने आपण डॉक्टर आहोत हे सांगू नये आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी आपल्याला कॉम्प्युटरमधलं कळतं हे सांगू नये. डॉक्टर निदान गोळी लिहून देऊन मोकळा होतो. आपल्याला मोकळं कोणी सोडत नाही.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून नेहमीच्या दुरुस्त्या मिळण्याची मुदत त्या दिवशी संपली. नवी विंडोज ११ घालायची तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ज्यांना स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवत नाही, असे आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातले लोक जिन्यात अडवून प्रोसेसरची पिढी विचारू लागले. ऐन दिवाळीचे दिवस. एकीकडे चकलीची भाजणी दळून आणायची, दुसरीकडे धडधाकट लॅपटॉप केवळ जन्मसालामुळे बाद. दुकानदारांचं उत्तर सगळीकडे एकच होतं: बदलून टाका.

माझं उत्तर वेगळं होतं. माझ्या खिशात एक पेनड्राइव्ह असतो आणि त्यात डेबियन असतं. ही विंडोजच्या जागी बसणारी सिस्टीम, लिनक्सच्या घराण्यातली, जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेली. पैसे पडत नाहीत. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची खिडक्या-बटणांची मांडणी, घातला की तो उठून कामाला लागतो. अगदीच पुराणकाळातला, बत्तीस बिटांचा असेल तर मात्र नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर निघत नाही. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि शेवटी ‘कोणाला मदत लागली तर सांगा’ असं जोडलं. सुशिक्षित माणसं पत्राखाली ‘आपला नम्र’ लिहितात, त्याच भावनेने. पण लोकांनी ते खरं मानलं.

पहिले आले तळमजल्यावरचे तात्या. उभी हयात नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटा छापण्यात गेलेली. ज्या ठिकाणी कागदाच्या प्रत्येक तावाचा हिशेब लागल्याशिवाय माणूस घरी जात नाही, तिथे नोकरी केलेल्या माणसाला ‘फुकट’ म्हणजे फौजदारी गुन्हाच वाटतो.

“फुकट म्हणजे? मालक कोण याचा?”

“मालक नाही तात्या.”

“मग चालवतं कोण?”

“लोक. हजाराच्या आसपास अधिकृत डेव्हलपर आहेत, शिवाय भाषांतर करणारे, चुका कळवणारे वेगळे. बहुतेक आपापली नोकरी सांभाळून, मोकळ्या वेळात.”

तात्यांनी चष्मा काढला. “आपल्या सोसायटीत चोवीस फ्लॅट. गच्चीवरची टाकी धुवायला माणूस मिळत नाही. सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नाही म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, तर ज्याची चिठ्ठी निघाली तो मुलाकडे पुण्याला निघून गेला. आणि तू म्हणतोस, हजार लोक फुकट काम करतात?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून इतिहास सांगितला. इयान मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ ला डेबियनची घोषणा केली. त्याच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा. डेब्रा आणि इयान मिळून डेबियन.

“लग्न झालं का त्यांचं?”

“झालं. पुढे घटस्फोटही झाला.”

“आणि सिस्टीम?”

“ती चालू आहे.”

तात्या जरा सैलावले. मग मी म्हणालो, यांची लेखी घटना आहे, १९९८ सालापासून. दरवर्षी नेत्याची निवडणूक होते. हे ऐकताच तात्या खुर्चीत पुढे सरकले. सहकारी बँक, बाजार समिती, शिक्षणसंस्था अशा निवडणुकांवर ज्याचा पिंड पोसला आहे, त्या नाशिककराला दुसरं काही सांगावं लागत नाही. “पॅनेल किती?” पॅनेल नसतात. उमेदवार एकेकटे उभे राहतात आणि मतपत्रिकेवर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हाही पर्याय असतो. “निवडून आल्यावर काय अधिकार?” फारसे नाहीत. घटनेतच लिहिलं आहे की कोणावरही काम करायची सक्ती नाही.

“हे मात्र आपल्या सोसायटीसारखं आहे,” तात्या म्हणाले आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

आता नवख्या माणसाच्या लॅपटॉपवर सिस्टीम चढवणं हे तासाभराचं काम आहे. डिस्क जरा बरी असेल तर त्याहून कमी. वेळ जातो तो त्याआधी.

“तात्या, बॅकअप घेतलाय ना?”

“घेतलाय की. नातवाचं बारसं, काशीयात्रा, सगळं.”

“कुठे?”

“डी ड्राइव्हवर.”

सी आणि डी या एकाच डिस्कवर मारलेल्या दोन रेघा असतात, डिस्क पुसली की दोन्ही जातात, हे सांगितल्यावर तात्यांचा चेहरा पाहवेना. मग बाहेरची हार्डडिस्क आणा. ती सुनेकडे. सून माहेरी, सिन्नरला. तिथे चार दिवस गेले. हार्डडिस्क आली, बारसं वाचलं, काशी वाचली आणि आम्ही पेनड्राइव्ह लावला. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करायचा बूट मेनू उघडायला कुठे एफ२, कुठे एफ१२, कुठे एस्केप, कुठे डिलीट. तो नेमका कोणता हे कळेपर्यंत विंडोज सुरू होऊन ‘सुस्वागतम’ म्हणून मोकळी झालेली असते. मग पुन्हा बंद, पुन्हा चालू, आणि सगळ्या बटणांवर दहाही बोटांनी तबला.

इन्स्टॉलर मराठीतही चालतो. तात्यांनी यादीत ‘मराठी’ पाहिलं आणि त्यांचा निम्मा विरोध मावळला. घोडं पेंड खातं ते पुढे. डेबियन विचारतं, रूटचा, म्हणजे या यंत्राच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा, पासवर्ड काय ठेवायचा? आणि खाली बारीक अक्षरात सांगतं की हा रकाना रिकामा सोडलात तर ते खातं बंद ठेवू आणि सगळे अधिकार ‘सुडो’ नावाच्या सोयीने तुम्हालाच देऊ. नवख्यासाठी हेच उत्तम. मी म्हणालो, “तात्या, रिकामं सोडा.”

“रिकामं?” तात्यांचा आवाज चढला. “छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली. फॉर्मचा एकही रकाना रिकामा सोडला नाही. जिथे लागू नाही तिथे ‘निरंक’ लिहायचं.”

आणि माझा हात पोचायच्या आत त्यांनी पासवर्ड घातला. तो ‘निरंक’ नव्हता, असं त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशवीआधी तात्या दारात. काहीतरी नवं सॉफ्टवेअर टाकायला गेले, तर स्क्रीनने सुनावलं की सुडोच्या यादीत तुमचं नाव नाही.

“मतदार यादीत नाव नाही हे ऐकलं होतं. हे काय? माझ्या घरात, माझ्या लॅपटॉपवर, मीच यादीत नाही?”

मी त्यांना धीर द्यायला म्हणालो, बरं आहे तात्या, जुन्या आवृत्त्यांत तर याच्यापुढे ‘या घटनेचा अहवाल पाठवला जाईल’ अशी ओळही यायची. सरकारी नोकराला हे सांगायचं नसतं. तात्या खाली बसले.

“अहवाल कोणाकडे?”

“या यंत्राच्या मुख्य अधिकाऱ्याकडे.”

“तो कोण?”

“रूट. ज्याचा पासवर्ड तुम्ही ठेवलात. म्हणजे तुम्हीच.”

“माझी तक्रार माझ्याकडेच येणार?”

“हो.”

तात्यांनी क्षणभर विचार केला. “मग ती दप्तरी दाखल करतो,” म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.

यादीत नाव घालणं तसं सोपं. रूट व्हायचं, एक आज्ञा द्यायची, लॉग आउट करून पुन्हा आत यायचं. समोर असलो तर अर्धं मिनिट. फोनवर मात्र त्याचं नाटक होतं. “एस यू, मग स्पेस, मग डॅश.” “डॅश म्हणजे ते आडवं?” “हो.” “वरचं की खालचं?” “एकट्याने दाबल्यावर येतं ते. शिफ्टवालं नको.” “नाही घातलं तर चालेल का?” नाही चालत. ते एवढंसं आडवं वगळलं तर माणूस रूट होतो खरा, पण रूटची हत्यारं ज्या कपाटात असतात त्याचा पत्ता त्याला कळत नाही, आणि नाव घालायला ‘अ‍ॅडयूजर’ म्हटलं की ‘अशी आज्ञाच नाही’ असं उत्तर येतं. वर पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, चांदणी नाही की ठिपका नाही. तो मागून बघणाऱ्याला लांबीसुद्धा कळू नये म्हणून केलेला बंदोबस्त आहे. पण दर नवखा माणूस त्या जागी “कीबोर्ड गेला वाटतं” म्हणतोच. वायफायचंही पूर्वी असंच होतं. कार्डाला लागणारी फाइल कंपनीची, बंदिस्त, आतलं कोणाला बघता न येणारी, म्हणून ती अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायची, तत्त्वाचा प्रश्न होता. २०२२ साली त्यावर रीतसर मतदान झालं आणि जून २०२३ मधल्या बाराव्या आवृत्तीपासून त्या फाइली आत आल्या. तात्यांना हे फार आवडलं. मतदान घेऊन वायफाय चालू करणारी संस्था त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

पण माझा खरा छळ या कशानेच होत नाही. तो होतो एका वाक्याने: “चालत नाहीये.”

काय चालत नाहीये? “लॅपटॉप.” चालू होतो का? “चालू होतो ना.” मग? “चालत नाही.” स्क्रीनवर काही आलं होतं का? “आलं होतं काहीतरी.” काय? “इंग्लिशमध्ये होतं. मी ओके केलं.” चांगली शिकलेली, इन्कम टॅक्सच्या नोटिशीतला स्वल्पविराम वाचणारी माणसं, पण यंत्र काय म्हणालं याबद्दल ताकास तूर लागू देत नाहीत. लिनक्स बिघडतं तेव्हा ते बहुतेकदा का बिघडलं ते सांगतं. फार बोलतं, इतकी त्याची तक्रार करता येईल. ते बोलणं ओके करून घालवलं, की मी इकडे कुंडली मांडत बसायचं.

अपवाद एकच भेटला. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार, माझ्या भाच्याच्या ओळखीचे. फवारण्यांच्या नोंदी ठेवायला लॅपटॉप हवा होता. लिब्रे ऑफिस या फुकटच्या ऑफिस-संचावर त्यांचं सगळं भागलं. एकदा रात्री त्यांचा मेसेज आला: स्क्रीनचा स्वच्छ फोटो आणि खाली, “दादा, अपडेट देत होतो, लाइट गेली. परत चालू केल्यावर हे आलं. ही आज्ञा दिली, मग हे आलं. यापुढे हात लावला नाही.” मी तो मेसेज दोनदा वाचला. औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण वाचून मगच पंप भरणारा माणूस. चुकीचं प्रमाण गेलं तर घड जळतात आणि ओके म्हणायला खाली बटण नसतं. त्यांना फक्त डीपीकेजीचं, म्हणजे डेबियनमध्ये सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कारभाऱ्याचं, अर्धवट राहिलेलं काम पुरं करायची एक ओळ पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आलं, “झालं. का झालं होतं ते पण सांगा.” असा माणूस तालुक्याला एक मिळाला तरी मी फोन बंद करून झोपेन.

काहींना मी परत पाठवलं, हेही सांगायला हवं. रविवार कारंजाजवळ लग्नपत्रिका छापणारे एक शेठ आले होते. त्यांच्या वीस वर्षांच्या फाइली जुन्या फाँटमधल्या, जिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फाँट नसलेल्या यंत्रावर उघडलं की चि. सौ. कां.चं थेट रोमन लिपीतलं कडबोळं. ऐन तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामात त्यांना लिनक्सवर आणणं म्हणजे दोन घराण्यांत भांडण लावणं. त्यांना म्हटलं, शेठ, तुम्ही आहात तिथेच राहा. ज्यांचा सगळा धंदा टॅलीवर आहे त्या मित्रालाही तेच सांगितलं. नवख्याला ओढून आणायचं आणि त्याचं पोट ज्यावर चालतं तेच बंद पाडायचं, हा प्रचार मला जमत नाही. प्रिंटरबद्दल मी बोलत नाही. काही प्रिंटर लावताक्षणी चालतात, काही जन्मात चालत नाहीत, आणि आपल्याकडे घरोघरी नेमके दुसऱ्या प्रकारचे असतात.

मोबदला म्हणाल तर मिसळ. रविवारी सकाळी मला कोणी आग्रहाने मिसळीला नेऊ लागलं की मी समोरच्याच्या खांद्याकडे बघतो. बॅग लटकत असतेच. काळ्या रश्श्याची वाटी, दही, पापड आणि त्यांच्या मधोमध उघडा लॅपटॉप. एकाच्या स्पेसबारला अजून कांदा-लसूण मसाल्याचा वास येतो.

तात्यांचं म्हणाल तर महिन्याभरात त्यांचा फोन बंद झाला. डेबियनची स्थिर आवृत्ती खरोखर स्थिर असते. दोनेक वर्षांनी नवी येईपर्यंत फक्त दुरुस्त्या येतात, रोज नवं काही होत नाही. मी सुस्कारा सोडला. एवढ्यात कळलं की तात्या गप्प नाहीत, कामात आहेत. बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर ते स्वतःच पेनड्राइव्ह घेऊन बसतात. मर्डॉक, डेब्रा, घटस्फोट, घटना, निवडणूक, सगळं त्यांना तोंडपाठ आहे, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. बॅकअप डी ड्राइव्हवर आहे म्हणणाऱ्याला घरी पाठवतात. माणसं रांगेने लिनक्सवर येत आहेत. फक्त रूट पासवर्डचं पान आलं की तात्या प्रत्येकाला बजावतात, “रकाना रिकामा सोडायचा नाही.”

परवा दुपारी अनोळखी नंबर. पलीकडून दबलेला, अदबशीर आवाज.

“नमस्कार साहेब. कट्ट्यावरच्या तात्यांनी नंबर दिला. आमचं सुडोच्या यादीत नाव नाही म्हणतंय. आपण नावं घालून देता असं कळलं.”

“देतो ना. लॅपटॉप समोर आहे का?”

“आहे. पण आधी एक विचारायचं होतं. आधारची झेरॉक्स एकच पुरेल, की मिसेसचं पण नाव घालायचं तर दोन लागतील?”