‘कोड समजून घेऊ नका’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

प्लेसमेंटचे दिवस जवळ आले की मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. कोड आता एआय लिहितं, तेव्हा मुळापासून शिकण्यात वर्षं घालवू नका. जुनी साधनं सोडा, दर सहा महिन्यांनी नवं टूल धरा. कोड रिव्ह्यू (लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून तपासणं) आणि टेस्ट म्हणजे वेळकाढूपणा. आणि रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबतो तोच वर जातो. मी इथेच सॉफ्टवेअरचं काम करते, आणि ज्यांच्या हातात अजून पहिली नोकरीही नाही त्यांना कोणी हे खरं म्हणून सांगावं, याचा मला राग येतो.

एआय कोड लिहितं, हे खरंच आहे. मीही वापरते. पण लिहिलेलं बरोबर आहे का, हे कोणी ठरवायचं?

‘ज्योत्स्ना’ हे नाव घ्या. डोळ्यांना दोन जोडाक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ती दहा चिन्हं आहेत, आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट (साठवणीचं एकक) लागतात, म्हणजे एकूण 30. आता फॉर्मवर ‘नाव 20 अक्षरांपर्यंत’ अशी अट आहे. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंग भाषा या नावाची लांबी 10 मोजते आणि पुढे जाऊ देते. मागे ओरॅकलचा डेटाबेस असेल आणि रकाना 20 लांबीचा असेल, तर मूळ सेटिंगप्रमाणे तो 20 बाइट धरतो आणि नाव नाकारतो. इंग्रजी लिपीत हेच नाव 7 बाइटचं, त्यामुळे इंग्रजी नावं घालून केलेली चाचणी बिनबोभाट पार पडते. दोन्हीकडची प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर आहे, चूक आहे ती दोघांच्या मधे. ती ज्याला दिसते त्याला चिन्ह आणि बाइट यांतला फरक माहीत असतो. ज्याला माहीत नाही तो एआयला विचारणार तरी काय? त्याच्या लेखी फॉर्म चालतोच आहे.

एआयमुळे येणाऱ्या वेगाबद्दलही थोडं. ‘मीटर’ या संशोधन संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली कामं दिली. एआय वापरून त्यांना सरासरी 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही आपण ते 20 टक्के कमी वेळात केलं असंच त्यांना वाटत होतं. अभ्यास छोटा आहे, साधनं तेव्हापासून सुधारली आहेत, म्हणून यावरून एआय निरुपयोगी ठरत नाही. पण आपल्या वेगाचा आपलाच अंदाज किती फसतो, ते यात दिसतं.

नव्या टूलमागे धावण्याचा सल्ला तर फारच वरवरचा आहे. डेटाबेसशी बोलायची भाषा एसक्यूएल, तिची सुरुवात 1974 ची, यूटीएफ-8 1992 चं, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट 2005 चं. आजही रोजचं काम यांच्यावरच उभं आहे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या, फाइल आकसवणाऱ्या लायब्ररीत (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये) कोणीतरी पेरलेलं चोरदार उघडकीला आलं, कारण आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याची सुरक्षित पद्धत) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. प्रोसेसर नेमका कशात अडकतोय हे त्यांनी परफसारख्या, वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या जुन्या साधनांनी शोधलं. अर्धा सेकंद खटकायला आधी नेहमीचा वेळ अंगवळणी पडलेला असावा लागतो, आणि तो सहा महिन्यांत टूल बदलणाऱ्याच्या अंगवळणी पडत नाही.

रिव्ह्यू आणि टेस्टबद्दलचं म्हणणं मात्र सर्वांत महागात पडणारं आहे, विशेषतः या शहरात. मुंबईत आपल्यापैकी कितीतरी जण बँका, ब्रोकर आणि विमा कंपन्यांसाठी कोड लिहितात. नाइट कॅपिटल या अमेरिकन ब्रोकर कंपनीने 2012 च्या जुलैअखेरीस नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायला घेतला. एक सर्व्हर राहून गेला. 1 ऑगस्टला बाजार उघडल्यावर त्या एका सर्व्हरवरचा, वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरी सोडत सुटला. सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. तिथल्या नियामकाच्या आदेशात साफ नोंद आहे: ते डिप्लॉयमेंट, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवण्याचं काम, दुसऱ्या कोणी तपासलं नव्हतं, आणि तपासावं असा लेखी नियमही नव्हता. आठही सर्व्हरवर कोड पोचला का, हे पाहायला दुसऱ्या माणसाला किती वेळ लागला असता?

रिव्ह्यू रखडतात, ही तक्रार मात्र खरी आहे. दीड हजार ओळींची पुल रिक्वेस्ट (आपला बदल तपासून सामील करा ही विनंती) समोर आली की कोणीही नुसतं ‘ठीक आहे’ लिहून मोकळं होतं. त्यावर उपाय बदल लहान ठेवण्याचा आहे, रिव्ह्यू बंद करण्याचा नाही.

राहिला रात्री थांबण्याचा मुद्दा. बदलापूरहून अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत येणारी मुलगी घाटकोपरला लोकल सोडून मेट्रो धरते, आणि परतीला तेच उलट. रोजचे चारेक तास प्रवासातच जातात. तिचं काम रात्री अकराला कोण खुर्चीवर आहे यावरून मोजलं जात असेल, तर तिचा कोड कोणी पाहिलेलाच नाही. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही विचारा: माझा कोड कोण वाचणार, साधारण किती वेळात, प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू यंत्रणा) बंद पडलं तर रात्री फोन कोणाला जातो, आणि त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का.