काकांच्या साडूचा ट्रक

भावाने त्याचा कॅम्पिंगचा ट्रेलर सुट्टीपुरता आम्हाला दिला आणि महेश्वरला न्यायचं ठरलं, इथपर्यंत सगळं गोड. गाडीला तो जोडायचा कसा हे त्याने मलाच शिकवलं, कारण आमच्या नवरोबांना, मिलिंदला, स्टेपनी कुठे असते हेसुद्धा मला विचारावं लागतं (वाचत असशील तर वाच).

तर परवा सकाळी इंदूरला लोकमान्य नगरच्या आमच्या गल्लीत मी गाडीच्या मागे उकिडवी बसून, ट्रेलर ज्यावर अडकतो त्या लोखंडी बॉलवर कोरलेला आकडा वाचत होते. तो बघावाच लागतो हो, युरोपातला बॉल ५० मिमी आणि अमेरिकेतला दोन इंची म्हणजे ५०.८, डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण कपलरवर (ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) जो आकडा असेल तोच बॉलवर पाहिजे. तेवढ्यात समोरचे काका तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले.

"मिलिंद, अरे ही काय करतेय?"

मिलिंद गेटला टेकून उभा. "ट्रेलर लावतेय काका."

"आणि तू?"

"चहा."

काकांनी तिथेच चूळ भरली आणि रस्ता ओलांडून आले. "सूनबाई, हो बाजूला. माझ्या साडूचा ट्रक होता."

साडूचा! काका त्या ट्रकात निदान बसले तरी होते का, देव जाणे. पण पुढचा पाऊण तास त्या साडूने आमच्या गल्लीत जो हैदोस घातला तो मी विसरणार नाही.

मी जॅक फिरवून ट्रेलरचा दांडा खाली घेतला, कपलर बॉलवर बसला, लॅच लावली, पिन टाकली. मग जॅक उलटा फिरवून दांडा परत वर उचलायला लागले. काका किंचाळलेच. "अरे मिलिंद, आत्ता खाली केलं नं हिने, आता वर काय करतेय? हिला कळतंय का काही?" कळतंय. कपलर नीट अडकला असेल तर दांड्याबरोबर गाडीची मागची बाजूही उचलली जाते, नसेल अडकला तर कपलर एकटाच सुटून वर येतो. हे इथे गल्लीत कळलेलं बरं की मानपूरच्या घाटात? मी काकांना हे समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि मिलिंदला म्हणाले, "माझा साडू नुसती लाथ मारून बघायचा." आणि मारलीसुद्धा. चपलेने. माझ्या कपलरला.

मग साखळ्या. "साखळी कशाला, गाय आहे का पळून जायला?" बरं, मी त्या दांड्याखालून एकमेकींवरून तिरप्या घेऊन अडकवल्या तर "फुली मारू नको, सकाळी सकाळी अपशकुन, सरळ लाव." आता कपलर चुकून निसटलाच तर त्या फुलीत दांडा झेलला जातो, रस्त्यात रुतत नाही, म्हणून ती फुली. शेजारी ब्रेकअवेची बारीक केबल असते, ती गाडीला वेगळी अडकवायची, म्हणजे ट्रेलर सुटला तर ती ताणून आपली वेगळी पिन ओढते आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक लागतात. केबल बघून काका म्हणाले, "हे काय, कपडे वाळत घालायला?"

दिवे तपासायला मात्र दुसरं माणूस लागतंच. मी आत बसून ब्रेक दाबला, खिडकीतून ओरडले, "काका, लाल लागले का?" काका ट्रेलरमागे उभे. "मिलिंद, लागले रे!" मिलिंद खिडकीशी आला आणि मला म्हणाला, "लागले." डावा इंडिकेटरही असाच आला, उजवाही. मध्ये दहा फूट अंतर, काच खाली, मला सगळं ऐकू येत होतं!

तेवढ्यात मागे कचरागाडी येऊन थांबली. तिचा ड्रायव्हर उतरून सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दीदी, कितना टाइम लगेगा?" दीदी! अख्ख्या गल्लीत त्या एकाच माणसाला दिसलं की गाडी कोण चालवणार आहे. आमचं इंदूर कचरा सहा प्रकारांत वेगळा करायला शिकलं, २०१७ ते २०२३ सलग सात वेळा देशात स्वच्छतेत पहिला नंबर काढला, पण काम करणारा कोण आणि चहा पिणारा कोण हे वेगळं काढायची वेळ आली की सगळं एकाच डब्यात.

मी चाकांचे ठोकळे काढत होते (ते सगळ्यात शेवटी काढायचे, जोडायच्या आधी नाही) तर काका शरबती गव्हाचं पोतं ओढत आले. महूला बहिणीकडे द्यायचं, वाटेतच आहे, म्हणून पार मागच्या टोकाला टाकायला लागले. मी म्हटलं काका, मागे नको, चाकांच्या थोडं पुढे ठेवा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार दांड्यावर यायला हवा, मागे जड झालं की तो भार कमी होतो आणि स्पीडला ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. काका मिलिंदला म्हणाले, "झुलला तर जोरात ब्रेक मारायचा, काय?" अजिबात नाही! गाडीचा ब्रेक करकचून दाबला तर मागून ट्रेलर गाडीलाच ढकलून आडवी करतो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचा ब्रेक हाताने लावायची सोय असेल तर फक्त तो लावायचा. हे मी कोणाला सांगत होते माहीत नाही. पोतं मी स्वतः पुढे नेऊन बांधलं आणि पाण्याची बाटली आणायला घरात गेले.

थोडं अंतर गेल्यावर थांबून सगळं परत बघायचं असतं, लॅच, साखळ्या, चाकांचे नट, म्हणून राऊच्या पुढे गाडी बाजूला घेतली. ट्रेलरचं दार उघडलं तर पोतं पार मागच्या टोकाला.

मिलिंद म्हणाला, "काका म्हणाले, तिकडे बरं."

मी काही बोलले नाही. हायवेच्या कडेला उन्हात ते पोतं परत पुढे ओढलं, परत बांधलं, आणि महूपर्यंत रेडिओसुद्धा लावू दिला नाही. तिथे काकांच्या बहिणीने दार उघडलं, गाडी बघितली, ट्रेलर बघितला. मी ड्रायव्हरच्या सीटवरून उतरत होते, चावी माझ्या हातात. त्या मिलिंदकडे वळून म्हणाल्या, "एवढं मोठं धूड इंदूरहून ओढत आणलंत? कमाल आहे बाई तुमची!"

आणि मिलिंद म्हणाला, "थँक्यू मावशी."