टीव्हीवरचं कोर्ट आणि संज्याची साक्ष

परवा कोर्टात एका केसचा निकाल लागला, त्यावरून कट्ट्यावर विषय निघाला. संज्याचं म्हणणं एकच, टीव्हीवर असती ना ही केस, तर वकिलाने चाळीस मिनिटांत आरोपीकडून कबुली काढली असती. कोर्टाच्या सिरियली इतक्या बघतो हा माणूस की बोलताना 'ऑर्डर ऑर्डर' करत कट्ट्यावर हात आपटतो आणि मग हात चोळत बसतो.

अण्णा म्हणाले, "संजय, माझी अख्खी नोकरी कोर्टात जजसाहेबांचा बेंच क्लार्क म्हणून गेली, साहेबांच्या टेबलावर हातोडा कधी बघितला नाही. आणि ते गीतेवर हात ठेवणं पण सोड, १९६९च्या शपथ कायद्यात कुठल्याच ग्रंथाचं नाव नाही."

"मग साक्षीदार खरं बोलेल कशावरून?"

"गीता होती तेव्हा तरी कुठे बोलत होता?" वैशाली. ती सेशन्स कोर्टात वकिली करते, त्यामुळे संज्याची बाजू तिथेच पडली होती, पण तो ऐकतोय होय!

"शेवटच्या मिनिटाला दार ढकलून साक्षीदार येतो, त्याचं काय?"

"अरे चार्जशीटची नक्कल आरोपीला आधीच फुकट द्यावी लागते. नवा साक्षीदार आणायचा तर अर्ज करा, समोरच्याचं म्हणणं येऊ दे, मग कोर्टाची परवानगी. आणि पिंजऱ्यात रडून कबुली तर विसरच. उलटतपासाच्या शेवटी मी म्हणते तुम्ही खोटं बोलताय, साक्षीदार म्हणतो 'हे म्हणणे खरे नाही', स्टेनो ते टाइप करतो, की पुढचा पुकारा."

इथे सुन्या बोलला, एरवी बोलत नाही. "मग माझी आई का बघते हे सगळं? भाडेकरूच्या दाव्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं, तारखांना जायची, बाकावर बसायची, परत यायची. तिला कोणी पूर्ण बोलूच दिलं नाही गं. टीव्हीवर माणूस उभा राहून आपलं गाऱ्हाणं शेवटपर्यंत सांगतो आणि चूक कोणाची ते त्याच दिवशी कळतं."

मला वाटतं या कार्यक्रमांची सगळी ओढ एवढ्यात आली. देशात पाच कोटींवर केसेस पडून असताना लोकांनी हातोडा खोटा की खरा बघत बसावं, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? वैशालीसुद्धा गप्प झाली.

संज्याला जोर चढला. "तेच म्हणतोय मी! अमेरिकेत ती जज ज्युडी होती बघ, खोटारड्यांना काय झापायची!"

"ते कोर्टच नव्हतं," अण्णा म्हणाले. "बाई आधी फॅमिली कोर्टात न्यायाधीश होत्या हे खरं, पण १९९६ ते २०२१ टीव्हीवर चालला तो लवाद, म्हणजे कोर्टाबाहेरचा निवाडा. तो मानू अशी दोघांनी आधीच सही केलेली, आणि निकालाचे पैसे कार्यक्रमवाले भरायचे. हरणाऱ्याच्या खिशातून दमडी जात नव्हती."

संज्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पण वैशालीचा राग त्या झापण्यावरच होता, आणि माझाही आहे. ती म्हणाली, "माझी एक साक्षीदार होती, म्हातारी, कोर्टात कधी पाय ठेवलेला नाही. उलटतपासात तारीख विसरली, पाणी मागितलं, दोनदा अडखळली. बाहेर आल्यावर तिचेच नातेवाईक म्हणतात, खोटं बोलत होती, चेहऱ्यावरनं कळत होतं. हे कुठे शिकले रे? सराईत माणूस अडखळत नाही, संज्या. घाबरलेला अडखळतो." याच्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

संज्याकडे अर्थात होतं. "पण काही म्हण, मला माणूस बघितला की कळतं."

"असं? मग ट्रिपच्या गाडीचं भाडं कोणी दिलं ते सांगा बघू," सुन्या एकदम उठून उभाच राहिला. "तुम्ही दिलं का?"

"तेव्हा माझं पाकीट... म्हणजे एटीएम..."

"अडखळला! अडखळला!"

"आणि माझ्या गाडीचा आरसा कोणी फोडला ते पण विचार," मी मध्ये घुसलो, कारण तो विषय अजून मिटलेला नाही.

"संजय, 'हे म्हणणे खरे नाही' एवढंच म्हण, सुटशील," अण्णांनी सल्ला दिला. संज्याने खरंच हात वर करून ते म्हटलं, आणि वर वैशालीकडे बघून, "मॅडम, माझं वकीलपत्र घ्या ना."

"घेते. फी आधी. तुझी उधारी रेकॉर्डवर आलीय आत्ताच."

अण्णांना हसून हसून ठसका लागला, सुन्या त्यांची पाठ थोपटत होता आणि संज्या त्या गोंधळात हळूच गाडीला किक मारून पसार.