खरखर विकत घ्या, खरखर!

काल रात्री साडेदहाला डोकं सटकलंय, ते अजून ठिकाणावर नाही.

लातुरात घराच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. भिंतींना गोधड्या, खिडकीला थर्माकोल. नवरात्रासाठी देवीचं गाणं चाललंय. संबळवाले तुळजापूरहून येऊन वाजवून गेलेत, एक नंबर बसलाय. त्याच्याखाली ऑर्गनचा लांब सूर पाहिजे, बस्स. म्हणून हॅमंड बी-थ्री या जुन्या विजेच्या ऑर्गनची हुबेहूब नक्कल करणारं एक प्लगिन, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजणारं सॉफ्टवेअरचं वाद्य, घेतलं. दोन गाण्यांची कमाई त्यात गेली.

उघडून बघतो तर की-क्लिकला, म्हणजे पट्टी दाबताना होणाऱ्या टिच्चला, एक खुंटी, सुरांच्या गळतीला एक, मोटरच्या घरघरीला एक आणि ऑर्गन किती म्हातारा पाहिजे त्यालाही एक! की-क्लिकचं एक वेळ समजतो. एका पट्टीखाली नऊ संपर्क, ते एकदम जुळत नाहीत म्हणून टिच्च होतं. मूळ बनवणारे त्याला दोष समजायचे, वादकांनी तो डोक्यावर घेतला. पण घरघर? माझ्या घरात अर्थिंगचा पत्ता नाही. फ्रिज सुरू झाला की स्पीकरमधून हंऽऽ येतं. ते घालवायला वायरमनला दोनदा चहा पाजला. आणि हे लोक मला तेच हंऽऽ विकत देतात! अहो, पोतं घेऊन या, भरून देतो.

बरं, ड्रॉबार, म्हणजे आवाजाचा रंग ठरवणाऱ्या ओढायच्या दांड्या. ऑर्गनवर ते आपल्याकडं ओढले की आवाज वाढतो. माझ्या कीबोर्डवरच्या सरकत्या पट्ट्या पुढं ढकलल्या की वाढतो. म्हणजे हात एकीकडं, पडद्यावरचा ड्रॉबार दुसरीकडं. त्यात ड्रॉबार नऊ आणि माझ्या पट्ट्या आठ. नववा माउसनं ओढा, तोवर अंतरा संपतो.

सगळ्यात मोठं दुखणं लेस्लीचं, म्हणजे या ऑर्गनला जोडतात त्या फिरत्या स्पीकरचं. खऱ्या लेस्लीत वर भोंगा फिरतो, खाली ढोल फिरतो, आणि संथाचं जलद करताना दोघं आपापल्या वजनानं वेग घेतात. भोंगा लगेच पळतो, ढोल मागून येतो. ती मजा या प्लगिननं पकडलीये, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात माझा कॉम्प्युटर धापा टाकायला लागतो. तडतड थांबवायला बफर, म्हणजे आवाज साठवून पुढं सोडायचा टप्पा, १०२४ नमुन्यांवर न्यावा, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबानं तिथंच २३ मिलिसेकंद गेले. बोट आत्ता, सूर मग. संबळासमोर असं वाजवून बघा, आपणच दारू प्यालोय असं वाटतं.

लॉरेन्स हॅमंड मुळात घड्याळवाला. १९३५ साली बाजारात आलेल्या त्याच्या ऑर्गनची चाकं घड्याळासारखी विजेच्या तालावर फिरायची. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेवरचा ऑर्गन तसाच आपल्या ५० हर्ट्झवर लावला, तर चाकं मंद फिरून काळी चारचं गाणं पांढरी चारच्याही जरा खाली जाऊन बसेल. निदान त्याला नुसती वीज लागायची. या नक्कलेला वीज पण लागते आणि नेट पण!

कारण काल साडेदहाला लाईट गेली. इन्व्हर्टरवर जाताना झटका बसला, कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू झाला. प्लगिन म्हणतंय, लायसन्स तपासायचंय, नेट जोडा. नेट कुठलं? केबलवाल्याचा डबा खांबावर, तो पण मेलेला. मोबाईलचा डेटा संध्याकाळीच उडालेला. पैसे मोजून घेतलेली वस्तू, आणि मीच चोर! ज्यांचं गाणं आहे ते काका खुर्चीत बसून विचारतात, "काय झालं रे, ऑर्गन बिघडला का? आमच्या वेळी नाटकात पायानं भाता मारायचे, लाईट गेली तरी वाजायचा." काय सांगू त्यांना?

दीडला लाईट आली, नेट आलं. प्लगिननं लायसन्स तपासलं आणि म्हणालं, नवी आवृत्ती आलीये, आधी ती उतरवा. त्यात नवीन काय, तर मोटरचा आवाज आणखी अस्सल केलाय म्हणे.