गब्बरच्या अंगावर डॅनीचं तोंड

सकाळपासून तो एकच व्हिडिओ तीन ग्रुपांवर आलाय. 'शोले'तल्या गब्बरच्या अंगावर कॉम्प्युटरने डॅनी डेन्झोंग्पाचं तोंड बसवलंय आणि वर लिहिलंय, 'शोले असा झाला असता'. खाली सगळे खूश. 'भारीच', 'डॅनी जास्त डेंजर वाटतोय'. नाही हो. शोले असा झाला नसता. डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

त्या व्हिडिओत बदललंय काय, ते नीट बघा. कपाळापासून हनुवटीपर्यंतचा एक तुकडा, बस. मान अमजद खानची, खांदे त्याचे, पट्टा ओढत चालणारे पाय त्याचे, श्वास त्याचा आणि आवाज तर पूर्ण त्याचाच. हात तोंडासमोरून गेला की डॅनीचा चेहरा क्षणभर विरघळतो. दाढीची कड गालावर सरकते, कारण तंबाखू चघळणारा जबडा एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे. नट म्हणजे यांना मुखवटा वाटतो. एक काढला, दुसरा लावला, की झालं कास्टिंग.

खरं काय घडलं होतं ते माझ्या यादीतल्या बहुतेकांना माहीत आहे, तरी परत सांगतो. गब्बर म्हणून डॅनीच ठरला होता. पण त्याने फिरोज खानच्या 'धर्मात्मा'ला आधीच तारखा दिलेल्या, आणि ते शूटिंग अफगाणिस्तानात. परदेशातलं आउटडोअर एकदा ठरलं की परवानग्यांपासून मुक्कामापर्यंत सगळं त्या तारखांना बांधलेलं असतं. मुंबईतल्या स्टुडिओसारखं चार दिवस पुढे ढकलता येत नाही. डॅनीने दिलेला शब्द पाळला आणि 'शोले' सोडला. मग पटकथाकार जोडीतल्या सलीम खाननी नट जयंत यांच्या मुलाचं, अमजदचं नाव पुढे केलं. जोडीतले दुसरे, जावेद अख्तर, यांनी त्याला बऱ्याच वर्षांपूर्वी दिल्लीत एका नाटकात पाहिलेलं होतं. हिंदी सिनेमात जवळजवळ नवखा म्हणावा असा मुलगा.

आणि बंगळूरजवळच्या रामनगरमला शूटिंग सुरू झाल्यावर शंका कुणाला आली? ज्यांनी त्याला आणलं त्यांनाच. आवाज बारीक वाटतो, डाकूचा वाटत नाही, दुसऱ्याकडून डब करून घेऊ या. दिग्दर्शक रमेश सिप्पींनी ऐकलं नाही आणि आवाज राहिला. मी या एका गोष्टीवर परत परत येणार आहे, कारण सगळं इथेच आहे.

तेव्हाचं डबिंग कसं चालायचं? सीनचे छोटे तुकडे करून त्यांचे लूप बनवायचे. तोच तुकडा पडद्यावर फिरत राहायचा आणि माइकसमोरच्या माणसाने ओठ जुळेपर्यंत बोलत राहायचं. ओठ जुळतात, श्वास जुळत नाही. नट वाक्याच्या मध्येच थांबतो, अर्धा शब्द गिळतो, तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतो. डब करणारा त्या जागा सपाट करून टाकतो. वाक्य तेच राहतं आणि त्यातली भीती निघून जाते.

आता तो तीन माणसांचा प्रसंग आठवा. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या. तीन हवेत उडवतो, तीन उरतात, समोर माणसं तीन. चेंबर फिरवतो. तिघंही वाचतात. मग हसू फुटतं, ते तिघं हसतात, टोळी हसते, हसणं वाढत जातं आणि मग गोळ्या. या प्रसंगाची लांबी कागदावर ठरत नाही, ती अमजदच्या हसण्यावर ठरली आहे. तो किती वेळ हसू ताणतो आणि कुठल्या क्षणी तोडतो, त्यावर कट बसलेत. हे कट एम. एस. शिंद्यांचे. 'शोले'ला त्या वर्षी फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, ते संकलनाचं, या आपल्या माणसाला. दुसरा नट असता तर शिंद्यांच्या टेबलावर वेगळी फिल्म आली असती आणि त्यांनी ती वेगळी कापली असती. व्हिडिओ बनवणाऱ्याने कापलेली फिल्म घेतली आणि तोंड बदललं. उलट्या टोकाने धरलंय सगळं.

डॅनीचा गब्बर कसा झाला असता याचा अंदाज मात्र बांधता येतो. पुण्याच्या एफटीआयआयचा, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटचा, हा नट. 'अग्निपथ'मधला कांचा चीना बघा, १९९०चा. पांढरेशुभ्र कपडे, खालच्या पट्टीतला आवाज, हालचाल कमीत कमी. तो शिकार जवळ येऊ देणारा खलनायक आहे. त्याच्यासाठी कॅमेरा जवळ जाऊन थांबला असता. अमजदला खडक लागतात, फेऱ्या मारायला जागा लागते, उंचावर बसलेल्या सांभाला हाक मारायला अंतर लागतं. त्या हाकेतला हेल त्याने लहानपणी ऐकलेल्या एका धोब्याच्या बोलण्यातून उचलला होता. डॅनीच्या गब्बरने अशी हाक मारलीच नसती, नुसतं वर पाहिलं असतं. मग सांभाला तिथे उंचावर बसवायची तरी काय गरज? कदाचित जास्त थंड, जास्त भीतीदायक गब्बर झाला असता, मान्य. पण पोरं गल्लीत त्याची नक्कल करत फिरली नसती.

'अग्निपथ'चं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. त्यात अमिताभने आवाज बदलून घोगरा लावला. नट तोच, ओळखीचा, लाडका. तरी आवाज कळत नाही म्हणून तक्रारी झाल्या आणि नंतर त्याच्या नेहमीच्या आवाजात पुन्हा डबिंग करावं लागलं. चेहऱ्याला कुणी हातही लावला नव्हता! आवाज हलला आणि लोकांना माणूस परका वाटला.

नट बदलला की काय काय हलतं, याचा खराखुरा पुरावा हवा असेल तर हॉलिवूडचा 'बॅक टू द फ्यूचर' घ्या. एरिक स्टोल्ट्झला घेऊन काही आठवडे शूटिंग झालं होतं. मग दिग्दर्शक झेमेकिसने ठरवलं की हा चांगला नट आहे पण फार गंभीर करतोय, विनोद मरतोय. १९८५च्या जानेवारीत मायकेल जे. फॉक्स आला. तो दिवसा टीव्ही मालिका करायचा आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत हे. स्टोल्ट्झ जवळजवळ ६ फूट, फॉक्स ५ फूट ४ इंचांच्या आसपास. लगेच नायकाच्या मैत्रिणीची नटी बदलावी लागली, कारण आधीची फॉक्सपेक्षा उंच दिसत होती. डॉक्टर ब्राउन करणारा क्रिस्टोफर लॉइड ६ फूट १ इंच. दोघं शेजारी उभे केले तर एकाचं डोकं फ्रेमबाहेर. म्हणून दोघांना कॅमेऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरावर उभं करायचं, आणि जवळचा शॉट असला की लॉइडने वाकायचं. त्या शास्त्रज्ञाचं ते कुबड काढून चालणं जगभर प्रसिद्ध झालं. ते आलं कुठून? नायक बुटका आला म्हणून. एका माणसाच्या उंचीने दुसऱ्याची पाठ वाकवली. हे तोंड चिकटवणाऱ्या कॉम्प्युटरला कुठून सुचणार?

'जंजीर'चंही तेच. धर्मेंद्र, राजकुमार, देव आनंद, दिलीपकुमार, सगळ्यांकडे जाऊन आलेला सिनेमा. देव आनंदला त्यात नायकासाठी गाणी हवी होती. दिली असती तर? शेवटी अमिताभने केलेल्या नायकाच्या, विजयच्या तोंडी एकही गाणं नाही, म्हणून तो कोंडल्यासारखा वाटतो. दोन गाणी दिली की वाफ निघून गेली.

आणि आपल्या घरचं उदाहरण, ज्यावर मी शांत राहूच शकत नाही. 'सैराट' आणि त्याचा हिंदी रिमेक 'धडक'. कथा तीच, संगीतकार अजय-अतुलच, 'झिंगाट'सुद्धा उचलून नेलं. आर्ची करणारी अकलूजची रिंकू राजगुरू गेली आणि तिच्याबरोबर काय काय गेलं ते मोजा. बुलेटवर बसायची तिची पद्धत गेली. वर्गात आवाज चढवला की पोरं मान खाली घालतात ते गेलं. पाटलाच्या घरात वाढल्याचा तो बिनधास्तपणा तिच्या बोलीत होता, संवाद लिहून तो येत नाही. जान्हवी कपूरला यात दोष देऊ नका, तिला जे दिलं ते तिने केलं. आणि गंमत म्हणजे २०१७ला 'सैराट'चा कन्नड रिमेक 'मनसु मल्लिगे' आला, त्यात नायिका पुन्हा रिंकूच. म्हणजे चेहरा तोच, देह तोच. पण अकलूजची बोली कन्नडमध्ये कुठून आणणार? आवाजाची जमीनच काढून घेतली. आर्ची पुन्हा उभी राहिली नाही.

कुणी म्हणेल, मग 'नटसम्राट'चं काय? डॉ. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त, सगळ्यांनी बेलवलकर केला आणि चालला. चालला, खरंय. नाटक रोज नव्याने उभं राहतं. नवा माणूस आला की तालमी होतात, समोरची कावेरी आपला वेग बदलते, जागा बदलतात. सिनेमात ती सोय नाही. एकदा छापलं की छापलं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. अमजदच्या पहिल्या दिवसांचा विचार येतोय. चोरबाजारातून आणलेला लष्करी पोशाख अंगात, तरुणकुमार भादुरींचं चंबळच्या डाकूंवरचं पुस्तक वाचून आलेला, समोर धर्मेंद्र, संजीवकुमार, अमिताभ. आणि संजीवकुमारसारख्याला स्वतःला गब्बर करायचा होता! पहिल्या खेपेला अमजदला सीन जमलाच नाही. टेकवर टेक गेले. सिप्पींनी त्याला थांबवलं, तोच पोशाख घालून सेटवर वावर म्हणून सांगितलं आणि नंतर पुन्हा उभं केलं. इतकं होऊन वर आवाजावरची कुजबुज.

सिनेमा १५ ऑगस्ट १९७५ला लागला. पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या संवादांची रेकॉर्ड काढली आणि ती गाण्यांसारखी विकली गेली. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, चहाच्या टपरीवर लाउडस्पीकरवर लागायची. सिनेमा न पाहिलेल्या माणसांनाही गब्बर पाठ होता. ज्या आवाजाच्या जागी दुसरा आवाज घालायचा होता, तोच. ती रेकॉर्ड अजून मिळते, नेटवरही आहे. डोळे मिटून ऐका आणि मग मला सांगा, डॅनीचं तोंड त्यावर कुठे चिकटवणार?